सुईत दोरा ओवत होते तरी

परभणीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंट म्हणून गेलेच नव्हते. थोरल्या बहिणीचं, अक्काचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून पुण्याहून आले होते. तिथं सोबतच्या माणसांचंही डोळ्याचं प्रेशर बघतात. डॉक्टर मॅडमनी माझा डावा डोळा दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला ग्लॉकोमा आहे. म्हणजे काचबिंदू."

मला हसूच आलं. शाळा सातवीत सुटली, पण पुण्यात ब्लाउज शिवून पोट भरते. म्हटलं, "मॅडम, मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते."

अक्का म्हणाली, "खरं हाय. माझा दोरा बी हीच ओवती."

आमच्या बोरी गावात डोळ्यांची परीक्षा तीच. मॅडमनी समजावलं, की डोळ्यातलं पाणी नीट बाहेर जात नाही, दाब वाढतो आणि मेंदूकडं नजर नेणारी नस सुकत जाते. आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं बरेच दिवस टिकतं. सुई तर समोरच असते.

डावा खांदा सारखा दाराला का लागायचा, ते तेव्हा कळलं. घरचे मला धांदरट म्हणायचे.

मग पेरिमेट्री झाली. अर्ध्या गोलात तोंड धरून बसायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या कागदावर कडेला काळंच काळं. मग ओसीटी, म्हणजे डोळ्याला हात न लावता नसेच्या थराचा फोटो. मॅडम म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. थेंब रोज, आयुष्यभर."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अक्काची पट्टी काढली.

"अगं बया! शोभे, किती पिकलीस गं तू! मला लय सुंदर दिसायलीस असं वाटायचं."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, पण आत जळत होते. माझ्याहून मोठी असून तिला नवी नजर, आणि मला उरलेल्याची राखण.

पुण्यात रोज सकाळी एक डोळा झाकून खिडकीची कड दिसते का बघायची. धास्ती जायचीच नाही.

अक्काच्या पुढच्या तपासणीला पुन्हा गेले. सख्ख्या बहिणीला धोका जास्त म्हणून मॅडमनी तिचं ओसीटी केलं. आधी मोतीबिंदूमुळं आतलं स्पष्ट दिसत नव्हतं. आता दिसलं, की नस जराशी पातळ होतेय, पण नजर शाबूत आहे. तिला एसएलटी केलं, म्हणजे पाणी जायच्या जाळीवर लेझर. काही मिनिटांत उठली. सध्या थेंबही नकोत, फक्त तपासणी.

मॅडम मला म्हणाल्या, "तुमचं सापडलं म्हणून यांचं वेळेत सापडलं."

मी रडले. अक्काला वाटलं, आनंदानं. माझं कुणामुळं वेळेत का सापडलं नाही, म्हणून रडले मी.

तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल, तर भावाबहिणींना, लेकरांना घेऊन जा. सुईवर विसंबू नका. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही; त्या दिवशी मी तपासून घेतलं नसतं तर उरलेली नजरही हळूहळू गेली असती.

दवाखान्यातून स्टँडकडं निघालो. अक्का उजवीकडून चालत होती. अचानक मागून वळून डावीकडं आली. तेवढ्यात त्याच बाजूनं एक मोटारसायकल अंगाजवळून गेली. मला दिसलीच नाही. तिनं माझा दंड धरला.

"इकडून मी हाय. तू समोर बघ."

हेवा अजून वाटतो. पण बोरीला गेले की मी डावी बाजू तिच्यासाठी मोकळी ठेवून चालते.