बॅट टाकून पळायचं

हायडेलबर्गजवळच्या एका छोट्या होखशुलेत, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मी नऊ वर्षं कोच होतो. पगार प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरचा, कोचिंग हौसेचं. आधी फुटबॉल दिला. जर्मनीत आपण फुटबॉल शिकवायचा म्हणजे काय ते बोलायलाच नको. पोरं लहानपणापासून गावच्या क्लबात खेळलेली. मी काही सांगितलं की "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. तीन वर्षांत ती टीम विरून गेली. मग कुणालाच नको असलेला बेसबॉल माझ्या गळ्यात पडला.

"अहो, तुम्ही आयुष्यभर क्रिकेट खेळलात. बेसबॉलमधलं तुम्हाला काय कळतं?" बायको म्हणायची. खरंच होतं ते. व्हिडिओ बघून शिकलो आणि तेच शिकवत राहिलो. मैदानावर यायचे ते बहुतेक आपल्याकडून मास्टर्सला आलेले, शिवाय तीन-चार जर्मन. आपल्या लोकांची एक खोड काही जाईना. चेंडू मारला की बॅट हातात धरूनच पळणार. क्रिकेटमध्ये क्रीजच्या आत बॅट टेकली की माणूस वाचतो. इथे बेसला पाय लागावा लागतो, बॅटला कुणी विचारत नाही. "बॅट टाक आणि पळ" हे ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.

सहा वर्षांत आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. शेवटी स्पोर्ट्‌स ऑफिसच्या बाईंनी बोलावून, कॉफी पाजून, गोड आवाजात सांगितलं, "या सीझनला एक तरी मॅच जिंका, नाहीतर ग्रुप बंद. मैदान दुसऱ्यांना द्यायचंय." बघता बघता सीझनची एकच मॅच उरली.

आमच्यात साताऱ्याची एक मुलगी होती. दोन वर्षांत तिने एक प्रॅक्टिस चुकवली नाही, पावसातसुद्धा. एकदा म्हणाली होती, "सर, आठवड्यात मी फक्त इथेच कुणाशी तरी बोलते. बाकी खोली आणि लॅब." मला तिची फार काळजी वाटायची. ग्रुप बंद पडला तर ही कुठे जाणार?

त्या शेवटच्या मॅचला धावा सारख्या, शेवटचा डाव, आमचे दोघं बाद, तिसरा गेला की डाव संपला, एक जण तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला ती. पहिल्या बेसवर ती वेळेत पोचली की तिसऱ्यावरच्याची धाव धरणार आणि आम्ही जिंकणार. तिने चेंडू हळूच ढकलला आणि सुटली. हातात बॅट तशीच. तरी ती पोचत होती. बेस दोन पावलांवर, समोरच्यांनी फेकलेला चेंडू अजून हवेत. आणि माझ्यातला मेला क्रिकेटवाला जागा झाला. जिवाच्या आकांताने मी मराठीत ओरडलो, "बॅट टेकव!"

तिने ऐकलं. वाकून, हात लांबवून तिने बॅट बेसवर टेकवली. पाय वीतभर मागे राहिला आणि चेंडू आला. ती बाद. बरोबरीमुळे मिळालेल्या जादा डावात समोरच्यांनी दोन धावा काढल्या, आम्हाला एकही जमली नाही.

आमच्या जर्मन पिचरने मला विचारलं, "तू काय ओरडलास?" मी तोंड उघडायच्या आत तीच जर्मनमध्ये म्हणाली, "पळ म्हणाले. मीच विसरले." दोन वर्षांनंतर अशी चूक व्हायला नको होती, असं कुणीतरी शांतपणे म्हणालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघून बॅटा पिशवीत भरत होतो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण मला लाज वाटली.

सोमवारी ग्रुप बंद झाल्याची मेल आली. दोन दिवसांनी ती ग्लोव्ह परत द्यायला माझ्या लॅबमध्ये आली. डोळे सुजलेले होते.

"सर, सॉरी. माझ्यामुळे टीम गेली."

दाराशी दोन जर्मन सहकारी उभे होते, पण आम्ही मराठीत बोलत होतो. त्यांना काही कळलं नसतं. तरीही मी तिला म्हणालो, "जाऊ दे. होतं असं."