चरबीच्या दिवसाची गोळी

कालबुबू माझी थोरली जाऊ. आमच्या डोंगराळ नारिनमध्ये तिच्यासारखे नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, गालिचे शिवणारं कुणी नाही आणि तिच्याइतकं डोकं खाणारंही कुणी नाही. सारखे प्रश्न: लोकर भिजवून तुडवली की घट्ट का होते, याक थंडीत का काकडत नाही. मी नवी नवरी म्हणून उंबऱ्यात उभी, तर ही विचारते, "तुझ्या माहेरची मेंढरं कुठल्या कुशीवर झोपतात गं?" म्हटलं, बाई, कुठं येऊन पडले मी! आणि तिचा नवरा, माझे मुकाश भावोजी, त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार. माहीत असो वा नसो.

गेल्या हिवाळ्यात शिवता शिवता तिच्या हातातली सुई गळाली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ अडखळायला लागली. पुढच्या शरदात लेकीची, नुरजातची, सोयरीक व्हायची होती. आमच्याकडे मुलीच्या आईनं मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज विहिणीला आपल्या उजव्या हातानं भरवलं, की सोयरीक पक्की. मग कुणी मागं फिरत नाही. मी म्हटलं, तुझ्या बदल्यात मी भरवते. तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तो विषयच सोडला.

इस्पितळातून सोडताना डॉक्टर बुरुलनं तिची जुनी कोलेस्टेरॉलची गोळी चालूच ठेवायला सांगितली होती, रोज एक. ऐकलं भावोजींनी. पण त्यांचं गणित वेगळं. कोलेस्टेरॉल म्हणजे चरबी, मग ज्या दिवशी चरबी पोटात गेली नाही त्या दिवशी गोळी कशाला फुकट घालवायची? आजारी बाईला आठवड्यातले बहुतेक दिवस नुसती पेजच मिळत होती.

वसंतात तपासणीला गेलो तेव्हा कालबुबूनं डॉक्टरला गाठलंच. "शीर फुटली डोक्यात. मग चरबीची गोळी कशाला?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसली आणि थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'एजे' म्हणत समजावू लागली. "सांडलेलं रक्त मेंदूत पडून राहतं, एजे. ते निस्तरायला शरीराचे राखणदार धावतात. पण ते चेकाळतात, सूज आणतात, धड भागालाही इजा करतात. ही गोळी त्यांना जरा आवरत असावी. उंदरांमध्ये तसं दिसलंय, काही रुग्णांमध्येही. पण खात्री कुणालाच नाही. पुन्हा रक्तस्राव होईल या भीतीनं काही डॉक्टर ती बंदही करतात. तुमच्या बाबतीत मला चालू ठेवणं बरं वाटलं."

"म्हणजे लांडगा पळून जातो," कालबुबू एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आणि आपलीच कुत्री कोकरं तुडवतात."

"तसंच काहीसं. रोज घेताय ना?"

"चरबी खाल्ली की लगेच देतो," भावोजी छाती काढून म्हणाले. "एकदाही चुकलो नाही."

डॉक्टरनं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "पहिले आठवडेच बहुधा महत्त्वाचे होते."

"रोज घेतली असती तर हात वर गेला असता?" कालबुबूनं विचारलं.

"सांगता येत नाही, एजे. कदाचित."

घरी आलो. मला भावोजींचा इतका संताप आला होता, की त्यांच्या पेल्यात चहा ओतायचीही इच्छा होईना. आणि ही बया विचारते काय, तर उंदरांच्या डोक्यातली शीर फोडतात कशी?

सोयरिकीच्या दिवशी जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलं. कालबुबूनं चरबी आणि काळजाचा घास उचलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. भावोजींनी तिच्या कोपराखाली हात घातला.

"काढ तो हात, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "माझी लेक आहे."

अत-बाशी गावाहून आलेली विहीण मोठी तोऱ्याची बाई, आणि मानाच्या घासासाठी कुणी वाकत नसतं. ती वाकली. पार कालबुबूच्या छातीपर्यंत मान घालून तिनं घास तोंडात घेतला आणि चावता चावता म्हणाली, "मीठ कमी आहे हो, विहीणबाई." मला रडू आवरेना.

आता रोज सकाळी भावोजी तिच्या उजव्या तळव्यावर गोळी ठेवतात आणि समोर बसतात. मदतीला हात पुढं जाऊ नये म्हणून दोन्ही पंजे स्वतःच्या मांडीखाली दाबून. काल तिचा हात हनुवटीपर्यंत पोचला.

"इथंच का अडतो रे हा?" तिनं विचारलं.

भावोजींनी तिच्या हाताकडे बघितलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.