भुलीच्या बिलाची जेवणावळ

केंटकीच्या डोंगरातली ऑर्फा स्टिडम शाळेची बस चालवायची. नवरा गेल्यावरही तिनं कुणाचा सेंट बुडवला नव्हता. त्या मुलखाची रीतच तशी. बिल आलं की भरायचं, झेपलं नाही तर चर्चमध्ये जेवणावळ घालून वर्गणी काढायची. बिल खरं की खोटं हे विचारणारा बुडव्या ठरे.

तिचं अपेंडिक्स फुटलं, तेव्हा शेजारच्या लोनीनं तिला आपल्या ट्रकात घालून विमा कंपनीनं दर ठरवून दिलेल्या यादीतल्या दवाखान्यात पोचवलं. विमा वजा जाता आपला वाटा तिनं चुकता केला. मग भूल देणाऱ्या डॉक्टरचं वेगळंच बिल आलं, चार हजार डॉलरचं. दवाखाना यादीतला, पण हा गडी यादीबाहेरचा.

ऑर्फानं विमेवाल्यांना छळून छळून कायदा समजून घेतला. वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा ती तयारच होती.

"मॅडम, येईल ते बिल भरीन म्हणून भरती होताना तुम्ही सही केलीय."

"पोट धरून लोळत होते मी. मग काय, भूल देणाऱ्याची जातकुळी विचारून बेशुद्ध पडायचं होतं? असल्या वेळी यादीबाहेरच्या डॉक्टरनं जास्तीचं मागायचं नाही, असा कायदा आहे. तुमची ती सही चुलीत घाला."

"तुमचं नाव खराब होईल."

"माझं नाव माझ्या बापानं ठेवलंय. तुला नाही खराब करता येत."

तिनं सरकारकडे तक्रार ठोकली. पण पाद्री हर्शेलनं तिला न विचारताच जेवणावळ जाहीर केली होती.

शनिवारी दिवे लागायच्या सुमाराला चर्चचं तळघर भरलं. घेवड्याची आमटी, मक्याचा पाव, आणि शेवटी वर्गणीसाठी घरोघरच्या केकांचा लिलाव. ऑर्फाचा सफरचंदाचा थरांचा केक पुढं आला, तशी तिनं उठून तो उचलला आणि छातीशी धरला.

"ताई, ठेव खाली," हर्शेल म्हणाला. "तुझ्याचसाठी चाललंय."

"म्हणूनच उचललाय, पाद्रीबाबा. मी देणं लागतच नाही. तुम्ही पैसे भरलेत, तर उद्या तो डॉक्टर सगळ्या डोंगराला असली बिलं धाडेल."

"बिल आलंय म्हणजे काहीतरी असेलच की," मागून म्हातारी झेल्डा पुटपुटली.

"मावशे, उद्या मी तुला तुझ्याच कोंबड्यांचं बिल धाडलं, तर भरशील?"

लोक हसले. झेल्डाही हसली, पण पदरचे पाच डॉलर तिनं मुठीतच धरले होते.

"मग जमलेल्याचं काय करायचं?" हर्शेलनं कपाळ पुसलं.

ऑर्फानं लोनीकडे पाहिलं. त्याच्या बायकोला अँब्युलन्सनं नेलं होतं, तिचं यादीबाहेरचं बिल त्याच्या डोक्यावर होतं. तो कायदा हवाई अँब्युलन्सला होता, रस्त्यानं धावणाऱ्या अँब्युलन्सला लागू नव्हता. हेही तिला विमेवाल्यांनीच सांगितलं होतं.

"नको गं," लोनीनं मान खाली घातली.

"गप. मला ट्रकात घातलंस तेव्हा मी नको म्हणत होते, ऐकलंस?" तिनं केक टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. "लोनीच्या अँब्युलन्ससाठी, वीस डॉलर. माझी बोली. आणि झेल्डामावशे, मूठ उघड आता."