बाबा कुठे असण्याची शक्यता जास्त?

पुण्यात, आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर वैजनाथ इंगळे राहायचा. मूळचा वाशीमकडचा, नोकरी खराडीत. नकोशा ईमेल ओळखून बाजूला काढणारा प्रोग्राम लिहिणं हे त्याचं काम. "आधी एक अंदाज धरायचा," तो समजावून सांगायचा, "आणि पुरावा मिळेल तसा बदलत जायचा. बेझचा नियम."

हा नियम त्याने ईमेलपुरता ठेवला असता तर आमची काही हरकत नव्हती. पण छत्री न्यावी का, लिफ्ट आज चालेल का, सगळ्याला टक्के. त्याची बायको श्रद्धा शाळेत शिक्षिका. ती एवढंच म्हणायची, "अहो, भाजीत मीठ किती टक्के आहे ते खाऊन सांगा."

एका शनिवारी त्याचे वडील हिंमतराव सकाळी फिरायला म्हणून गेले, ते जेवायची वेळ टळली तरी परतले नाहीत. गावाहून काही दिवसांसाठी आले होते. मोबाईल उशीखालीच राहिलेला. वैजनाथ माझ्या दारात आला तेव्हा चेहरा उतरला होता, पण आकडे तयार होते.

"स्वारगेट पन्नास टक्के. करमत नाही म्हणत होते, गावाला निघाले असतील. बाग तीस, देऊळ पंधरा. उरलेले पाच टक्के इतर."

"इतर म्हणजे?"

"म्हणजे पुणे."

माझी स्कूटर काढली. बाग आणि देऊळ जवळ, म्हणून आधी ते पाहिलं. दोन्हीकडे नव्हते. "म्हणजे स्वारगेटची शक्यता वाढली," तो मागून म्हणाला. स्टँडवर प्रत्येक फलाट पालथा घातला, तिथेही नाहीत.

"आता पोलिसांकडे जाऊ," मी म्हणालो.

"दिसले नाहीत म्हणजे इथे नाहीत असं नसतं. या गर्दीत डोळ्यांसमोरून निसटले असतील." तो पुन्हा वाशीमच्या गाडीत डोकावून आला.

"मग आता किती टक्के?"

त्याच्या तोंडून आकडा आला नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला विचारल्याचं वाईट वाटलं. मग त्याने श्रद्धाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पिशवी इथेच आहे," ती म्हणाली. "धोतर दोरीवर वाळतंय. धोतर सोडून कोण गावाला जातं? आणि परवापासून एकच विचारत होते, तुमच्या नळाला पाणी येतं कुठून. मी सांगितलं, खडकवासल्याच्या धरणातून."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही टक्के सांगत होतात. विचारलंत कुठे?"

त्यांच्या गावाला उन्हाळाभर टँकर येतो, हे वैजनाथला सांगायची गरज नव्हती. "नशीब, 'इतर' ठेवलं होतं," तो स्कूटरवर बसत पुटपुटला. "शून्य धरलं असतं, तर कितीही पुरावा येऊनही शून्यच राहिलं असतं."

धरणाच्या कठड्याजवळ चपला काढून हिंमतराव कणीस खात पाण्याकडे पाहत बसले होते. आम्हाला पाहून त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"एवढं पाणी! अन् तुमचा नळ सकाळी घडीभरच काऊन येते रे?"

"बाबा, अहो, सांगून तरी निघायचं!"

"झोपले होते ना तुम्ही. बसवाल्याले विचारत आलो मी. हरवलो थोडीच होतो?"

वैजनाथ त्यांच्या शेजारी धपकन बसला आणि चष्मा पुसू लागला. बराच वेळ पुसला. मग त्याने त्यांना अंदाज, पुरावा, बदललेला अंदाज, सगळं समजावून सांगितलं. हिंमतरावांनी शेवटचे दाणे खात लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे सुनेनं सांगितलं."

"हो," वैजनाथ म्हणाला.

तिघांना एका स्कूटरवर बसता येणार नव्हतं, म्हणून मी एकटाच निघालो. निघताना वैजनाथने श्रद्धाला स्पीकरवर फोन लावला होता. ती म्हणाली, "पाणी बघून झालं की या सावकाश." बापलेक दिवेलागणीला घरी आले.