जाळीवरचे भाऊजी

आमच्या धाकट्या भाऊजींची नोकरी गावाखालच्या धरणावर. आमचा मुलूखच इतक्या उंचावर की इथे वारासुद्धा धापा टाकत असेल. नदीचे पाणी बोगद्यात शिरते, त्यावर वीज होते, मग तेच पाणी कालव्याने खालच्या शेतांना मिळते. बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. तिला अडकलेले सगळे लांब दांड्याच्या आकड्याने ओढून काढायचे, हे भाऊजींचे काम. काय काय अडकते ते लिहायला हात धजत नाही. फुगलेले कुत्रे, केसांचे गुंते, देवाला वाहिलेली फुले कुजून काळी पडलेली. वर हेच लोक नदीला आई म्हणतात! आईच्या तोंडात कोणी असे कोंबते का? देवा, मला शिसारी येते ती कुत्र्याची नव्हे.

काल भाऊजींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आणि त्याची बायको पहिल्यांदाच नात घेऊन शहरातून आले. भाऊजींची बायको वारली, तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात. नातीसाठी जीव टाकत होते. कोपरापर्यंत हात घासले, गार लागू नयेत म्हणून शेगडीवर शेकले आणि पुढे केले.

सून मागे सरली. "नको बाबा. त्या हातांनी नको. जंतू असतात."

पुतण्या फोनमध्ये डोके घालून बसला.

"बरोबर आहे, पोरी," म्हणत भाऊजींनी हात पाठीमागे बांधले.

आज भाऊजी कामावर गेल्यावर पुतण्या डायपरची पिवळी पिशवी घेऊन बाहेर पडला आणि लगेच परतला.

"कचराकुंडी बाजाराच्या टोकाला. इतक्यात आलास?"

"पुलावरून टाकली, काकू. गेली वाहून."

"वाहून कुठे जाईल रे? खाली धरण आहे, धरणाला जाळी आहे आणि जाळीवर तुझा बाप उभा आहे!"

"एवढ्याशा पिशवीनं काय होतंय?" सून म्हणाली.

माझे पूजेत मन लागेना.

संध्याकाळी भाऊजी आले. हात घासले, शेकले आणि लांबच बसले.

"वहिनी, आज पिवळी पिशवी आली होती. गाठ सुटलेली. बाळाचं पोट बिघडलंय वाटतं. सुनेला सांगा, जपायला."

सून तिथेच होती. तिचा चेहरा उतरला. मी तिच्या मांडीवरून नात उचलली आणि भाऊजींच्या हातांत ठेवली. ती अडवायला उठली नाही.

नातीने पहिल्याच झटक्यात त्यांच्या सदऱ्यावर दूध ओकले. पुतण्या तोंड वाकडे करून फडके शोधू लागला.

"असू दे रे," भाऊजी म्हणाले. "हे गरम आहे. माझ्याकडे येतं ते सगळं गारच असतं."