काडीएवढी जागा

मेंडोलिनवाले एकत्र बसले की गाणं कमी आणि भांडण जास्त. खामगावात आम्ही तिघंच आहोत, तरी बारा वर्षांत इतके किस्से साठलेत की सांगताना माझं डोकं आजही तापतं.

वानखडेकाका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, उभं आयुष्य भीमगीतांच्या पार्टीत वाजवलेले. शकीलभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात; दर रविवारी त्यांच्याच दुकानात आमची बैठक. मी शाळामास्तर. यूट्यूबवर ब्लूग्रास नावाचं अमेरिकन गावरान संगीत ऐकून तिघंही बिघडलो. त्यात मेंडोलिनवर ताशासारखा ठोका मारतात. तो ठोका जाड तारेवरच वाजतो, हे काकांचं ब्रह्मवाक्य!

*

मी दहा नंबरच्या तारा लावायचो, काका अकराच्या. सगळ्यात पातळ तारेत फरक किती? इंचाचा हजारावा भाग! तेवढ्यासाठी भर दुकानात, शकीलभाईंच्या गिऱ्हाइकांसमोर काकांनी मला विचारलं, "मास्तर, तारा हायेत का शेवया?"

*

तारेची उंची हा त्याहून मोठा छळ. दांडीवरच्या बाराव्या पडद्यावर, म्हणजे आडव्या पट्टीवर, तारेखालून काडेपेटीची काडी सरळ गेली पाहिजे, हा काकांचा कायदा. शकीलभाईंच्या तारेखालून पोस्टकार्ड जाईना. ते म्हणाले, "काका, हम बजाते हैं, कुश्ती नहीं लड़ते."

काकांनी त्यांचा चहा सोडला. तीन रविवार आलेच नाहीत. चौथ्या रविवारी आले, ते घरून थर्मास भरून!

*

तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिला दोन पितळी चाकं असतात. ती फिरवली की तारा वर-खाली होतात; तार जितकी वर, तितका दाबायला बोटांना जोर जास्त. मी चहा सांगायला गेलो की काका माझी चाकं फिरवून ठेवायचे. दुसऱ्याच्या वाद्याला न विचारता हात लावायचा, ही कुठली रीत? शेगावला एका लग्नात पहिल्याच गाण्यात माझी बोटं सोलून निघाली. जाब विचारला तर म्हणाले, "काडी जात नव्हती. मले पाह्यवलं नाई."

तेव्हापासून मी मेंडोलिन गळ्यात अडकवूनच चहा सांगायला जातो. चहावाला दर वेळी विचारतो, "सर, कार्यक्रम कुठी हाय?"

आणि काकांचं स्वतःचं? पान खायला उठले तरी बगलेत. बारा वर्षांत कुणाच्या हाती दिलं नाही.

*

यंदा काकांच्या डाव्या हाताचे सांधे धरले. तार दाबताना चेहरा आवळायचा, ठोका विरून जायचा. जयंतीच्या कार्यक्रमाआधी मंडळातलं कोणीतरी त्यांच्या देखतच म्हणालं, काकांना जमत नसेल तर कीबोर्डवाला सांगू. मला असा संताप आला!

कार्यक्रमात फोटोला हार घालायला काकांचं नाव पुकारलं. हार काही एका हातानं घालता येत नाही. त्यांनी मेंडोलिन माझ्या मांडीवर ठेवलं. "धर. हात लावू नको."

मी दोन्ही चाकं अर्धा फेरा खाली उतरवली आणि सूर पुन्हा मिळवला. बारा वर्षांचा राग होता, खोटं कशाला सांगू?

काका आले. एक ठोका मारला आणि थांबले. चाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिशातून काडेपेटी काढली. आता भर मंडपात माझी इज्जत जाणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी काडेपेटी तशीच परत ठेवली आणि नऊच्या नऊ गाणी वाजवली.

पुढच्या रविवारी दुकानात आल्या आल्या काकांनी मेंडोलिन माझ्या मांडीवर ठेवलं.

"बस, मास्तर. आज चहा मी सांगून येतो."