पाठीवरचे चिमटे

लातूरच्या त्या दुकानात फक्त जाड बायकांचे कपडे मिळायचे. मालकीण ते मोबाइलवर लाइव्ह करून विकायची आणि घालून दाखवायची मी. आठवडाभर शाळेत शिकवून उरलेला जीव रविवारी नांदेडहून एसटीत घालायचा, अहमदपूरला चहा घ्यायचा आणि दिवसभर ड्रेस चढवायचे-उतरवायचे. तरी जायची. घरच्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत मी मागच्या रांगेत, पोटापुढं कुणाचं तरी लेकरू धरलेली. एकदा तरी मला पुढं उभं राहून, आहे तशी दिसायचं होतं.

पण आहे तशी कुणाला हवी होती! मालकीण माझ्याहून जाड, पण ती कॅमेऱ्यासमोर कधी आली नाही. लाइव्हच्या आधी ती माझा कुर्ता मागून मुठीत धरून ओढायची आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची. मग समोरून मला कंबर यायची. कुर्ता बेततानाच चुकलेला, कमरेत ढगळ आणि दंडात काचणारा, पण आवळायचं मला. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला. नियम एकच, वळायचं नाही.

एका रविवारी अहमदपूरच्या एका बाईनं लिहिलं, "ताई, मागून दाखवा." मालकिणीनं घाईघाईनं दुसराच ड्रेस पुढं केला. बाई हटेना. "बहिणीच्या लग्नात घालायचाय. मागून कसा दिसतो ते पाह्यचंय." शौर्य वगैरे काही नव्हतं. पाय भरून आले होते आणि खोटं उभं राहायचाही शेवटी कंटाळा येतो. मी वळले.

पाठीवरचे लाल-पिवळे चिमटे सगळ्यांना दिसले. मग हात मागं नेऊन मी ते काढले. कुर्ता सुटला, पोट सुटलं, आणि किती दिवसांनी पुरता श्वास घेतला. बाईनं लिहिलं, "आता कळलं. हाच द्या."

मालकिणीनं मोबाइल बंद केला. "बाई, आपण कपडे विकून राहिलो, पोट न्हाई."

"पण तिनं घेतला की."

"एकीनं घेतला. बाकीच्या पळाल्या, ते न्हाई पाह्यलं का?"

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा बोलावलं, तेव्हा मला वाटलं, तिला पटलं. आनंदानं गेले. दुकानात कॉलेजातली एक सडपातळ पोरगी उभी होती, कुर्त्याखाली पोटाला कापसाचा गोल उंडा बांधलेली. जाड कसली, सातव्या महिन्यातली दिसत होती.

"हिचा चेहरा लई गोड हाय," मालकीण म्हणाली. "पण भरण जमेना. कुठं किती भरायचं, ते तुम्हालाच म्हाईत."

इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. उठून जायला हवं होतं. पण परतीच्या एसटीला वेळ होता आणि भांडायला अंगात त्राण नव्हतं. मी उंडा सोडला. पोट खालून भरलं, पाठीला वळ्या दिल्या, दंड भरले. "काकू, गरम होऊन राहिलं," पोरगी एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं ती हुबेहूब माझ्यासारखी दिसू लागली.

मालकीण दोन पावलं मागं सरली, पोरीला खालीवर न्याहाळून म्हणाली, "लई झालं. थोडं काढा."

"कुठून काढू?" मी विचारलं.

"सगळीकडूनच."